गाडी का चालू झाली?

माझ्या जन्माबद्दल मला एकच गोष्ट पक्की माहीत हाय. मी उशिरा रडलो.

हे मला आईनं न्हाई सांगितलं, शिस्टरनं सांगितलं. आन् एकदा न्हाई, दर भेटीला. मी टपरीत पंक्चर काढत बसल्यालो असायचो. शिस्टर फाटकातनं भायेर यायच्या, चष्मा नाकावर खाली घ्यायच्या आन् म्हनायच्या, "तू उशिरा रडलास रे. रंग नीट, नाळ नीट, सगळं नीट. उलटा धरला, पाठीत चापट मारली, तरी गप्प. मग आपला आपण रडलास. का, ते मला अजून कळलं नाही."

मी म्हनायचो, "शिस्टर, उलटं हुतं ना समदं. सरळ दिसल्यावर रडलो आसंन."

त्यावर त्या हसायच्या न्हाईत. "हं," म्हनायच्या आन् खरंच इचार करत पुढं जायच्या. माझी चाळिशी झाली, डोक्यावरची केसं गेली, पन माझी केस काय गेली न्हाई. गिऱ्हाईक टायर धरून उभं असायचं आन् शिस्टर त्याला सांगायच्या, हा उशिरा रडला. गिऱ्हाईक माझ्याकडं असं बघायचं की जसं काय टूबमधी दुसरं भोक सापडलं.

पुणतांब्याच्या अलीकडं, रस्त्याच्या कडंला त्यांचं घर. त्यांच्याच कंपौंडला चिकटून माझी टपरी. सरकारी नर्स हुत्या, आता रिटायर. आसपासच्या गावातली निम्मी मानसं त्यांच्या हातावर जन्मल्याली, म्हनून समदा मुलूख शिस्टर म्हनायचा. त्यांचं मालक सुदिक शिस्टरच म्हनायचे. मालकांना आमी मामा म्हनायचो. मामा शेतकरी मानूस. बोलनं कमी. ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या, दाने एकीकडं, टरफलं एकीकडं, आन् बायको काय करती ते बघत बसायचं, एवढाच त्यांना नाद.

बघन्यासारखं बी असायचं. शिस्टरला एक रोग हुता. "का" चा.

एकदा आमच्या हितली लाईट गेली. वायरमन आला, खांबावर चढला, खाली उतरला, लाईट आली. त्यो गाडीला किक मारतोय तवर शिस्टर आडव्या.

"का आली?"

"आली ना बाई लाईट. मंग झालं की."

"गेली का, हे सगळं गाव विचारतं. आली का, हे कोणी विचारत नाही. तू वर नक्की काय केलंस?"

वायरमननं डोकं खाजवलं. म्हनला, "तार हालवली."

"म्हणजे पुन्हा जाणार," शिस्टर म्हनल्या आन् घरात जाऊन कंदील पुसून ठिवला. लाईट सांजच्याला गेली. त्या दिवसापासून वायरमन आमच्या खांबावर चढायच्या आधी फाटकाकडं बघून घ्यायचा.

मला तर त्यांनी लई धुतलं. एकदा पोटात कळ आली म्हनून गेलो. काय खाल्लं, म्हनल्या. म्हनलं भाकरी. कशासंगं? ठेच्यासंगं. आजून? काय न्हाई. आसं पंधराईस सवाल झाल्यावर भायेर आलं की मी मेव्हन्याच्या गुऱ्हाळावर गेल्तो, तिथं पैज लागली, आन् मी तांब्याभर काकवी पिऊन वर लिंबू पिळून घेतलं, पचाया सोपं जावं म्हनून. गोळी बी देईनात. म्हनल्या, "आधी मला सांग, पैज जिंकलास का?" म्हनलं, "न्हाई शिस्टर." "का?" "दुसऱ्यानं दोन तांबे पिले." मंग गोळी दिली. अशी गंमत. नुसतं दुखनं न्हाई, दुखन्याची बाराखडी पायजे त्यांना.

"ताप उतरला म्हणजे रोग गेला असं नाही," हे त्यांचं बोलनं ठरल्यालं. "ताप कशानं उतरला ते कळलं, तर गेला."

आता गाडीचं.

घराच्या मागं पत्र्याचं शेड. त्यात शिस्टरची गाडी. जुनी, पांढरी, गोल पाठीची, गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला असल्याली. कोन्या म्हाताऱ्या डाक्तरकडनं इकत घेतल्याली. सर्व्हिसला असताना शिस्टर स्वता चालवायच्या. आडल्याली बाई असली की मागच्या सीटवर घालून थेट कोपरगाव. त्या गाडीत बी तीन-चार जनं जन्मल्याली हायत, त्यांना गावात आजून 'डिकी' म्हनत्यात, जन्मली सीटवर तरी. मामांना गाडी येत न्हवती. मामा कायम शेजारी नायतर घरी.

तर ही गाडी एका सांजच्याला चांगली धावत घरी आली आन् दुसऱ्या दिवशी सकाळी चालूच झाली न्हाई. कोपरगावचा मिस्त्री आला, त्यानं एक सामान बदललं. दुसरा आला, त्यानं दुसरं बदललं. तिसरा म्हनला समदी वायरिंग जुनी झाली, समदीच बदला. मामा म्हनले, ऱ्हाऊ द्या आता, म्हातारी झाली. गाडीला म्हनले का शिस्टरला, कोनाला कळलं न्हाई. मंग शिस्टरच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला, नगरला आपरेशन झालं, रिटायरबी झाल्या, आन् गाडी शेडमधी बसली ती बसलीच. वर्सानुवर्सं. वर कोंबड्या बसायच्या.

दर दसऱ्याला मामा तिला धुवायचे, हार घालायचे, चाकाखाली लिंबू ठिवायचे. लिंबू चिरडाया गाडी पुढं जावी लागती. ती जात न्हवती. मंग मामा दुसऱ्या दिवशी लिंबू उचलून सरबत करायचे.

शिस्टरला गाडीचं दुःख न्हवतं. त्यांना कारन पायजे हुतं. "धडधाकट आली, संध्याकाळी बोलली, सकाळी गेली," त्या म्हनायच्या. "माणूस असा गेला की नातेवाईक म्हणतात, देवाची इच्छा. मी आयुष्यभर ऐकलंय ते. माझ्या दारात तरी नको."

तर मामांचा पुतन्या. शेजारीच त्याचा गोठा, गाई, दूध. वाईट पोरगं न्हाई. एक दिवस येऊन म्हनला, "काकू, शेड मोकळं पायजे. माझी कडबाकुट्टीची मशीन पावसात भिजती. गाडी भंगारात देऊन टाकू. सोमवारी टेम्पो येनार हाय, मी शबूद दिलाय."

शिस्टर म्हनल्या, "चालू झाली तर?"

पुतन्या हसला. "सोमवारी टेम्पोत घालायच्या आत ती तिच्या पायानं फाटकाभायेर गेली, तर मी शेडचं नाव काढनार न्हाई. पन ढकलून न्हाई हां काकू. तिच्या पायानं."

"ठरलं," शिस्टर म्हनल्या. आन् फाटकातनं सरळ माझ्याकडं आल्या.

म्हनलं, "शिस्टर, मी पंक्चरवाला. मला गाडीतलं फकस्त हवा भरता येती."

"म्हणूनच. ज्यांना येत होतं ते तीन जण येऊन गेले. त्यांना आधीच सगळं माहीत होतं, म्हणून कोणी बघितलंच नाही. तुला काही येत नाही. तू बघशील."

माझ्या आयुष्यात माझ्या अडानीपनाला एवढा मान कधी मिळाला न्हवता. मी लगीच टपरीला फळी लावली.

पयला दिवस तर शिस्टरनं मला गाडीला हातच लावू दिला न्हाई. खुर्ची टाकून बसल्या आन् आठवाया लागल्या. "शेवटची कोपरगावला गेले होते. बारशाला. येताना दिवस मावळत होता. आवाज नीट. वास नाही. वाटेत काही झालं नाही. इथं लावली, चावी काढली."

मी म्हनलं, "शिस्टर, ह्या बाजूचा आरसा कुठं गेला?"

ओट्यावरनं मामा म्हनले, "पुतन्याच्या पोरांनी बॉल मारला आसंन."

"असेल," म्हनल्या शिस्टर आन् पुढं गेल्या. मला तवाच इचित्र वाटायला पायजे हुतं. ह्या बाई कधी "असेल" म्हनत न्हाईत. पन मला कुटं काय वाटतं.

मंग सुरू झालं. बॉनेट उघडलं तर हवेच्या डब्यात उंदराचं बाळंतघर. चिंध्या, कापूस, दान्याची टरफलं. शिस्टर वाकून बघत म्हनल्या, "जागा चांगली निवडली आहे." पिल्लं न्हवती, नायतर त्यांचं बी वजन केलं असतं. टाकीतलं पेट्रोल काढलं, त्याला लाकडाच्या पालिशचा वास. ते मी शेकोटीवर टाकून बघितलं, शेकोटी इझली. मंग ताजं आनून घातलं. सायलेन्सरात काय हाय बघावं म्हनून मी काडी घातली, आत गांधीलमाश्या. माझा डावा गाल संतऱ्याएवढा झाला. शिस्टरनं आधी इचारलं, "काडी का घातलीस?" मंग औषध लावलं.

इंजिन जाम झालं असंल म्हनून प्लग काढून वरनं तेल सोडलं, रातभर मुरू दिलं. सकाळी पुतन्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी जोडली. मी प्लगाच्या भोकात डोळा घालून बघतोय की आत काय हलतंय का, आन् शिस्टरनं सेल्फ मारला. इंजिन फिरलं. तेल कारंज्यावानी वर आलं आन् समदं माझ्या तोंडावर. मामा ओट्यावरनं म्हनले, "फिरतंय वाटतं." मी म्हनलं, "व्हय मामा. मला बी गरगरतंय."

कारबोरेटर खोलला, धुतला, परत लावला, एक स्क्रू उरला. शिस्टर म्हनल्या हा कुठला? मी म्हनलं जास्तीचा. परत खोलायला लावला. ब्रेकचं काम मातर कोपरगावच्या मिस्त्रीला बोलवून करून घेतलं. ते मी केलं असतं तर ही गोष्ट सांगाया कोन उरलं नसतं.

येवढं समदं करून बी गाडी पेटंना. इंजिन फिरायचं, खोकायचं बी न्हाई. शिस्टर म्हनल्या, "हवा आहे, पेट्रोल आहे, फिरतंय. मग करंट बघ." मला प्लग हातात धराया लावला आन् सेल्फ मारला. मी डोळं मिटून देवाचं नाव घेतलं. झटका बसला न्हाई. मी खूश.

"बसला का?"

"न्हाई शिस्टर! आजिबात न्हाई!"

"अरे, बसायला पाहिजे होता," त्या म्हनल्या. मी लई हिरमुसलो.

तर करंट येत न्हवता. आता वायर कुठं तुटली ते हुडकायचं. वायर जायची डॅशबोर्डच्या खाली, अंधारात. मी सीटवर पाठ टेकून खाली डोकं घालायचो, आन् नेमकं तवाच ओट्यावरनं हाक यायची, "चहा झालाय रं! गार हुतोय!"

मामांचा चहा बरा असायचा. जास्त आलं. मी उठायचो, चहा प्यायचो, वायर कुठवर बघितली ते इसरायचो, परत पयल्यापासनं. दुपारी परत डोकं खाली घातलं की परत चहा. मी मनात म्हनलं, म्हातारा लई मायाळू. माझी किती काळजी.

रविवारी मामा गावात दाढीला गेले. मी म्हनलं आता चहा न्हाई, उरकून घ्यावं. ह्या बारीला नीट खाली शिरलो. पाय वर सीटच्या पाठीवर, डोकं खाली पेडलापाशी, एका हातात टॉर्च. जन्मल्यावर शिस्टरनं मला उलटा धरला हुता, त्याच्यानंतर ही दुसरी बारी. शिस्टर भायेरनं खिडकीतनं हात घालून चावीवर.

दुसऱ्या हातानं चाचपत चाललो. पार डाव्या कोपऱ्यात, सामान ठिवायच्या खणाच्या मागं, कोळ्याचं जाळं हाताला लागलं. मी एक सनसनीत शिवी दिली आन् हात झटाकला. हात कशाला तरी आपाटला.

"मारू का?" शिस्टर.

"मारा!"

आन् गाडी चालू झाली.

आवाज असा की पत्रा थरथरला. पाठीमागनं काळा धूर, कोंबड्या चारी दिशांना, एक राहिल्याली गांधीलमाशी. पुतन्या गोठ्यातनं बादली घेऊन पळत आला, त्याला वाटलं आग लागली. मी उलटाच, हातातली टॉर्च पडली, मी वरडतोय, "झाली! शिस्टर, झाली!" समदं अंग हलतंय, गाडीचं का माझं ते कळंना. फाटक समोर. फाटकाला कडी बी न्हवती. गिअर टाकायचा आन् जायाचं, एवढंच.

शिस्टरनं चावी फिरवली आन् गाडी बंद केली.

मी म्हनलं, "शिस्टर?"

"का चालू झाली?"

"अवो, चालू झाली ना!"

"तेच म्हणते. का? तू नक्की काय केलंस?"

जन्माला आलो तवा मी उशीर केला आसंन. ह्या बारीला न्हाई केला. तिथंच सीटवर उलट्याचा सुलटा झालो आन् डोळ्यात पानी आलं. "शिस्टर, सोमवार उद्या हाय. भायेर तर काढा, मंग इचारा तिला काय इचारायचं ते."

"कारण न कळता बाहेर काढली, तर रस्त्यात बंद पडेल. तार हलवलेली लाईट आहे ती." त्या हात धुवाया आत गेल्या. चालता चालता पुटपुटत हुत्या. मी गावात पळालो, सांगाया. पारावर सांगितलं, सलूनमधी सांगितलं. मामांची दाढी अर्धी झाल्याली. फेसातनं माझ्याकडं बघत ऱ्हायले. "चालू झाली?" म्हनले. "व्हय मामा!" तशीच अर्धी दाढी पुसून घराकडं निघाले. मला वाटलं आनंद झाला.

आमी परत जमलो तर गाडी चालू हुईना. परत मेल्याली. सेल्फ मारला की नुसतं गुर्र गुर्र. पार दिवस बुडंपर्यंत. पुतन्या बादली घेऊन निघून गेला. मी टपरीच्या फळीवर बसलो आन् म्हनलं, आयुष्यात एक काम जमलं हुतं, ते बी बाईनं तपासायला ठिवून घेतलं.

सोमवारी सकाळी टेम्पो फाटकात. भंगारवाला टेम्पोच्या पायरीवर बसून पोहे खातोय. पुतन्या दोर घेऊन उभा. त्याचं बी तोंड उतरल्यालं, पन शबूद दिल्याला.

शिस्टर म्हनल्या, "त्याचे पोहे होईपर्यंत वेळ आहे. काल जे जे केलंस ते सगळं तसंच कर."

मी तोच सदरा घातला. तसाच उलटा शिरलो. पाय वर.

"मग?"

"मंग शिवी दिली हुती शिस्टर."

"दे."

"तुमच्यासमोर कशी देऊ?"

"काल कोणासमोर दिलीस?"

मी दिली. पन मऊ दिली. भंगारवाला टेम्पोवरनं म्हनला, "ह्यानं न्हाई चालू व्हायची." मंग जरा मोठ्यानं दिली. शिस्टरनं चावी मारली. गुर्र गुर्र.

"हात कुठं होता?"

"असा कुठंतरी, डावीकडं..." मी हात त्या कोपऱ्याकडं नेतोय, तवर ओट्यावरनं, "चहा झालाय रं! गार हुतोय!"

मी सवयीनं पाय खाली घेतलं.

"थांब," शिस्टर म्हनल्या. "हलू नकोस."

मी तसाच ऱ्हायलो. एक पाय वर, एक खाली.

"काल गाडी चालू झाली तेव्हा चहा आला होता?"

"न्हाई. मामा दाढीला गेल्ते."

"त्याच्या आधी, तू खाली डोकं घातलंस की?"

मी आठवलं. "दर बारीला आलाय."

शिस्टर वळल्या. ओट्यावर मामा कप-बशी घेऊन उभे. एक गाल साफ, दुसऱ्यावर कालची दाढी तशीच. शिस्टरनं चष्मा नाकावर खाली घेतला. हळू इचारलं, "अहो. तुम्ही चहा कधीपासून करायला लागलात?"

मामांनी हातातल्या कप-बशीकडं बघितलं.

भंगारवाल्याचा घास हातात. मी उलटाच. मामांनी कप ओट्यावर ठिवला, चपला घातल्या, सावकाश आले. डाव्या बाजूचं दार उघडलं, वाकले, खणाच्या मागं हात घातला. टक.

"मार चावी," म्हनले.

गाडी चालू झाली.

ह्या बारीला शिस्टरनं बंद केली न्हाई. तिच्या आवाजातच मामा बोलाया लागले, म्हनून त्यांना मोठ्यानं बोलावं लागलं. आयुष्यात एवढं मोठ्यानं बोलले नसतील.

तर ते चोरबटन हुतं. पूर्वी गाड्या लई चोरीला जायच्या, म्हनून लोक असं लपवून एक बटन बसवायचे. ते बंद केलं की चावी फिरवा न्हाईतर देवाला कौल लावा, करंट जात न्हाई. डाक्तरनं गाडी इकताना ते मामांना बाजूला घेऊन दाखवलं हुतं. बाईमानसाला कशाला, आसं म्हनून. आता गंमत बघा. मामांना गाडी चालवता येत न्हवती. फकस्त बंद करता येत हुती.

"त्या दिशी तू बारशावरनं आलीस," मामा म्हनले, "तवा आरसा न्हवता. दाराच्या मुठीत उसाचं पाचट अडाकल्यालं. दाराला ह्या इथनं तिथवर घासल्यालं. उसाच्या बैलगाडीला घासून आलतीस तू. मी इचारलं वाटंत काय झालं, तर तू म्हनलीस काय न्हाई. खोटं न्हाई म्हनलीस. तुला दिसलंच न्हवतं."

शिस्टरनं आरशाच्या मोकळ्या जागंकडं बघितलं.

"ते पाचट मी काढून टाकलं. आन् बटन खाली केलं. म्हनलं आजच्या राती ऱ्हाऊ दे, उद्या सांगू. उद्याला मिस्त्री आला. त्याच्यासमोर कसं सांगू? परवा दुसरा आला. एकदा खोटं पाळलं की त्याला रोज चारा घालावा लागतो."

"डोळ्यांचं ऑपरेशन झालं ना नंतर? मग?"

"डोळ्याचं झालं," मामा म्हनले. "माझ्या भ्याचं न्हाई झालं. काल बी मीच परत बंद केलं. दाढी सोडून आलो त्यापायी."

गाडी घुर्र घुर्र चालतीय. मी हळूच भायेर आलो, कारन रगात समदं डोक्यात उतरल्यालं. मला वाटलं आता शिस्टर मामांना सोलनार. आमाला नुसत्या काकवीपायी एवढं सोललं हुतं.

शिस्टर गाडीच्या दारावर हात फिरवत हुत्या. घासल्यालं हुतं तिथं. वर्सानुवर्सं रंग उडून ते दिसत न्हवतं, पन हाताला लागत हुतं.

"म्हणजे गाडीला काहीच झालं नव्हतं," म्हनल्या.

"न्हाई."

"मला झालं होतं." मंग त्यांना हसू फुटलं. कधी न हसनारी बाई, चष्मा काढून हसाया लागली. "आणि आम्ही आठवडाभर भलत्याच पेशंटला तपासतोय!"

मामांनी ओट्यावरनं चहाचा कप आनला आन् मला दिला. गार झाला हुता.

शिस्टर स्टेअरिंगवर बसल्या. मामांना म्हनल्या, "बसा." मामा बसले, दोन्ही हात डॅशबोर्डवर, जसं काय गाडी त्यांनीच ढकलायची हाय. गिअर पडला. भंगारवाल्यानं पळत जाऊन टेम्पो मागं घेतला. गाडी हळू हळू, तिच्या पायानं, फाटकातनं भायेर गेली. मामा एवढंच म्हनत हुते, "डावीकडं बैल हाय. बैल हाय डावीकडं." "दिसतोय," शिस्टर म्हनल्या. कालव्याच्या पुलापर्यंत गेल्या, तिथनं वळवून आल्या, शेडमधी लावली. पुतन्यानं दोर गुंडाळला. कडबाकुट्टी लिंबाच्या झाडाखाली गेली, वर पत्रा टाकला, भागलं.

उतरल्यावर मला वाटलं शिस्टर म्हनतील, ते बटन काढून टाक. मी पक्कड बी आनली हुती.

"राहू दे," म्हनल्या. मामांकडं बघितलं. "रोज संध्याकाळी तुम्हीच बंद करायचं. पण सांगून."

मी आता कोपरगावला टायरच्या दुकानात हाय. टपरी मोडली, रस्ता रुंद झाला. पन सनावाराला तिकडं गेलो की सांजच्याला मुद्दाम फाटकापाशी थांबतो. गाडी आठवड्यातनं एकदा पुलापर्यंत जाती, त्याच्यावर न्हाई. मला बघून शिस्टर चष्मा खाली घेत्यात. "उशिरा रडलास," म्हनत्यात. "व्हय शिस्टर," म्हनतो. आजून तपास चालूच हाय.

मंग दिवस बुडाया लागला की मामा उठत्यात, चपला घालत्यात, शेडमधी जात्यात. टक. आन् घराकडं तोंड करून वरडत्यात, "शिस्टर, बंद केलं गं!"

स्वयंपाकघरातनं आवाज, "का?"

मामांना रोज कारन द्यावं लागतं. कधी म्हनत्यात अंधार पडला. कधी म्हनत्यात उसाच्या गाड्या सुटल्यात रस्त्याला. परवा म्हनले, तुझा गुडघा दुखतोय. आतनं "हं" आलं.

आन् कधी कधी काय सुचतच न्हाई त्यांना. शेडच्या दारात उभे ऱ्हात्यात, मानेला खाजवत्यात. मंग खरं काय ते सांगत्यात.

"भ्या वाटतं."

आतनं भांड्याचा आवाज थांबतो. "बरं," शिस्टर म्हनत्यात. "मग बरोबर आहे."